लाकूडफाट्याची वही

चौतीस वर्षं मी आस्ता किव्हिरांडला खोकी आणून दिली
टार्टूच्या दप्तरखान्यात, तळमजल्यावर,
जिथे डिसेंबरात दुपारी तीनलाच दिवे लावावे लागतात.
ती दोन पेन्सिली आणायची, टोक काढलेल्या,
आणि खसखशीएवढ्या अक्षरांत उतरवून घ्यायची
मेलेल्या माणसांचं हवामान.

भौतिकशास्त्राच्या मास्तरांना ती पळून गेलेली वाटे,
इतिहासाच्या मास्तरांना घुसलेली.
विज्ञानाचा इतिहास म्हणजे नक्की काय करता हो,
असं कुणी विचारलंच तर म्हणे :
आकडा लिहिताना हात गारठला होता का, ते बघते.

तिचं नाव झालं ते एका लबाडामुळे.
गॉटलीब श्वेनडर, वेधशाळेचा मदतनीस,
एकोणीस वर्षं रोज तीनदा हवेचा दाब मोजणारा.
अठराशे त्रेचाळीसच्या तीन नोव्हेंबरला
त्याचा पारा अर्ध्या रेघेने उतरला
आणि त्या अर्ध्या रेघेची भरपाई पुढे कधीच झाली नाही.
वादळ नाही, काही नाही.
तिने लिहिलं : नळी फुटली असावी,
आणि पगार जाईल म्हणून हा माणूस
घरी शेगडीपाशी बसून आकडे रचत राहिला.
सत्तर पानं. पहिल्यावर
त्या काळी घालावंच लागे ते थोर नेत्याचं वचन,
बाकीची एकोणसत्तर तिची.
लाइपझिगला छापून आलं.
तिला खोली मिळाली, खिडकी असलेली.
श्वेनडर पाठ्यपुस्तकात गेला,
खोटी नोंद कशी ओळखावी याचा नमुना म्हणून.

मग राज्य बदललं.
आम्ही खोक्यांवरच्या चिठ्ठ्या खरवडून
नव्या भाषेतल्या डकवल्या.
आत कागद तेच.

ज्या वर्षी तळघरातला नळ फुटला,
मी हिशेबाच्या वह्या दोरीवर वाळत घातल्या होत्या.
जुनी जर्मन अक्षरं तिनेच शिकवलेली मला,
एका मोठ्या सुट्टीत, सफरचंद खाता खाता.
लाकूडफाट्याची वही. असल्या वह्या कुणी मागत नाही.
दोन नोव्हेंबर, अठराशे त्रेचाळीस :
*दोन हमाल, काचेचं यंत्र जपून वरच्या मजल्यावर नेणे.
चाळीस कोपेक.
कारण, खालची खोली सरपणासाठी हवी.*

मी वही मिटली.
दोरीवर परत टाकली, मागच्या बाजूला.
तिच्या निवृत्तीला चार महिने होते,
आणि तिचं गुडघ्याचं दुखणं, आणि ते पाठ्यपुस्तक,
आणि श्वेनडरला आता काय फरक पडणार होता?

शेवटी नेऊन दिली.
तिने वाचली. काही बोलली नाही.
कोट चढवला, नमद्याचे बूट घातले,
बर्फातून टेकडीवर गेली, त्या जुन्या इमारतीत,
आणि जिना मोजला.
पायऱ्या चौसष्ट.
मग एका पायरीची उंची, माझ्या पट्टीने.
गुणाकार पाकिटाच्या मागे केला.
बरोबर अर्धी रेघ.
वर गेलं की हवा हलकी होते,
हे ती पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत आली होती.

बराच वेळ सगळ्यात वरच्या पायरीवर बसली.
म्हणाली, रोज तीनदा चढायचा बिचारा.
आणि एकदाही लिहिलं नाही त्याने, की मी चढतो.

दोन पानांचा लेख लिहिला : माझी चूक.
वचन नाही, प्रस्तावना नाही.
कुणाचंच पत्र आलं नाही.
पाठ्यपुस्तकात तो अजून लबाडच आहे,
दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत करू म्हणतात.

निरोपाच्या दिवशी केक होता, भाषणं होती.
मी तो लेख घरी नेऊन वाचला, सावकाश.
माझे आभार होते, पूर्ण नावानिशी.
आणि खाली, खसखशीएवढ्या टाइपात, तळटीप :
नोंद सापडली नऊ मार्चला.
मला दाखवली गेली अठराला.